निवाडा झाला, पण सातबाऱ्यावर उतरला का?
खानदेशातील जमीन-दफ्तराची हकिगत आणि तिच्यातून घ्यायचा बोध



आपल्या कार्यक्रमातून आणि या पत्रकातून आपण नेहमी बी-बियाणे, खते, कापसावरची बोंडअळी, केळीवरचा करपा यांविषयी बोलतो. आज थोडे वेगळे बोलू. शेतात पीक कितीही जोमदार असले तरी ज्या कागदावर ते शेत उभे आहे तो कागद धड नसेल तर कष्ट वाया जातात. म्हणून आज शेताच्या कागदाची गोष्ट सांगतो. ती मोठी जुनी आहे आणि तुमच्या-आमच्या घरातली आहे.

मागे एका खरिपाच्या तोंडी मी तापीकाठच्या एका गावी गेलो होतो. बैठक संपल्यावर एक वयस्कर शेतकरी थांबले. म्हणाले, "साहेब, केळीचा विमा भरायला गेलो तर म्हणतात शेत तुमच्या नावावर नाही. अन् कोर्टाने तर शेत मलाच दिलंय!" त्यांनी घरी नेले, चहा सांगितला आणि पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा होता. शेत आबांच्या मालकीचे, चुलतभावाचा त्यावर हक्क नाही, असे त्यात स्वच्छ लिहिलेले. कागदाला नऊ वर्षे झाली होती.

मी विचारले, "आबा, हा कागद तलाठी आप्पांना दाखवला होता का?"

"नाही बुवा. कोर्टाने निकाल दिला म्हणजे कोर्टच कळवीत असेल ना? चुलतभाऊ तर शेतातून तेव्हाच निघून गेला. मी पेढे वाटले अन् कागद पेटीत ठेवला."

दरम्यान काय काय झाले होते ते सातबारा काढल्यावर कळले. चुलतभावाचे नाव तसेच होते. त्या नावावर सोसायटीचा बोजा चढलेला होता. पुढे चुलतभाऊ वारले, तेव्हा त्यांच्या मुलांची नावे वारस म्हणून लागली. मुले सुरतेला राहतात. त्यांच्यापैकी एकाने शेताला गिऱ्हाईक आहे का म्हणून चौकशीही सुरू केली होती. आबा कोर्टात जिंकले होते, पण चावडीवर नऊ वर्षे हरलेलेच होते.

असे का होते? कोर्ट सरकारचे, चावडीही सरकारची, मग एकाने सांगितलेले दुसऱ्याला का कळत नाही? याचे उत्तर इतिहासात आहे.

निशाणी नांगर

पेशवाईत जमिनीचा, वतनाचा तंटा झाला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि गावकरी एकत्र येत, साक्षी-पुरावे ऐकत आणि निवाडा लिहून काढीत. त्या कागदाला महजर म्हणत. त्यावर हजर असलेल्यांची साक्ष असे. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. शेतकऱ्याची निशाणी नांगर. जुन्या कागदांत नावापुढे काढलेला छोटा नांगर आजही पाहायला मिळतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी असे जुने कागद जमवण्यात आयुष्य घालवले. ते १९२६ साली आपल्या धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. निवाडा झाला म्हणजे काम संपले असे त्या काळीही नव्हते. हरलेल्या पक्षाकडून येजितखत लिहून घेत. 'माझा दावा खोटा ठरला, पुन्हा भांडणार नाही' अशा अर्थाची ती कबुली असे. जिंकणारा सरकारात हरकी भरी आणि निवाडापत्र हाती घेई. हे सगळे कागद जिंकणारा पिढ्यान् पिढ्या जपून ठेवी, कारण उद्या कोणी पुन्हा उठलाच तर तेच दाखवायचे असत. तेव्हा न्याय मिळणे आणि तो कागदोपत्री पक्का करून घेणे ही तेव्हापासूनच दोन कामे आहेत. दुसरे काम ज्याचे त्याने करायचे.

मोजणी आली

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. त्यांना मुख्य चिंता साऱ्याची होती. कोणाकडून किती वसूल करायचे हे ठरवण्यासाठी मुंबई इलाख्यात शेतवार मोजणी सुरू झाली. या कामात विंगेट या अधिकाऱ्याचे नाव मोठे आहे. शेताला नंबर द्यायचा, हद्दीला दगड लावायचे, मातीची प्रत आण्यांत ठरवायची आणि त्यावरून आकार बसवायचा, अशी ती पद्धत. आपण 'आणेवारी', 'आकार', 'सर्व्हे नंबर' हे शब्द बोलतो ते तेव्हाचेच.

खानदेशात ही मोजणी सुखासुखी झाली नाही. १८५२ साली सावदा, रावेर, चोपडा या भागांत शेतकरी हजारोंनी जमले आणि त्यांनी मोजणीला विरोध केला. साखळी घेऊन आलेला माणूस म्हणजे वाढीव सारा, अशी लोकांना धास्ती होती. शेवटी फौज आणून हा विरोध मोडण्यात आला आणि मोजणी पुढे चालू झाली. आज ज्या हद्दी आपण मानतो त्यांच्या मुळाशी हीच मोजणी आहे.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या वेळच्या वहीत जे नाव लिहिले जाई ते सारा भरणाऱ्याचे, म्हणजे खातेदाराचे. खरा मालक कोण, भावांचे हिस्से किती, शेत कोणाकडे गहाण आहे, याच्याशी त्या वहीला फारसे कर्तव्य नव्हते. सारा वेळेवर आला की झाले. आपल्या दफ्तराचा पाया असा वसुलीचा आहे, मालकी ठरवण्याचा नाही. मालकीचा तंटा सोडवायला दिवाणी कोर्ट वेगळे नेमलेले होते. एक घर इकडे, एक घर तिकडे.

हक्कनोंद का आली

पुढे पन्नास वर्षांत या पद्धतीची अडचण दिसू लागली. वहीत आज्याचे नाव, आजा कधीच वारलेला, शेत नातवंडांत वाटलेले, त्यातला एक हिस्सा गहाण, एक विकलेला. वहीवरून काहीच कळेना. त्यात छपन्नाचा दुष्काळ पडला, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा. अशा दुष्काळांत कर्ज आणि गहाण वाढत गेले, आणि जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते हे समजणे सरकारलाही गरजेचे वाटू लागले.

म्हणून १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा झाला. १९१३ साली तो जमीन महसूल कायद्यात घालण्यात आला. मालक, कब्जेदार, कूळ, गहाणदार अशा सर्वांचे हक्क आता गावच्या दफ्तरात लिहिले जाऊ लागले. हक्क बदलला की फेरफाराच्या वहीत नोंद, तिची नोटीस, हरकत आली तर चौकशी, आणि मग मंजुरी. हीच पद्धत थोड्याफार फरकाने आजही आहे. मधल्या काळात, १९०६ साली, खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच आजचे जळगाव आणि धुळे. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणून फार जुने कागद शोधताना 'पूर्व खानदेश', 'पश्चिम खानदेश' असे लिहिलेले आढळते. त्याने गोंधळून जाऊ नका.

स्वातंत्र्यानंतर कुळकायदा आला, १९४७ च्या कायद्याखाली जमिनींचे एकत्रीकरण झाले आणि पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन संपले आणि दफ्तर पगारी तलाठ्याच्या हाती राहिले. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला. गाव नमुना सात आणि नमुना बारा मिळून आपला सातबारा, आणि नमुना सहा म्हणजे फेरफाराची वही. आता हे सारे संगणकावर आहे आणि तलाठी आप्पांना सरकार दरबारी ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पण वहीचा स्वभाव बदललेला नाही. तिला कोणी सांगितल्याशिवाय काही कळत नाही.

सातबारा म्हणजे मालकी नव्हे, तरीही

इथे दोन गोष्टी एकत्र समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून आजवर अनेक निकालांत हेच सांगितले आहे. मालकीचा वाद असेल तर दिवाणी कोर्टात जावे आणि तिथे जे ठरेल त्याप्रमाणे दफ्तर दुरुस्त व्हावे, असे २०२१ च्या एका निकालातही म्हटले आहे. म्हणून भाऊबंदाने चोरून नाव लावले तरी आपले शेत गेले असे समजून हाय खाऊ नये.

दुसरी गोष्ट. महसूल कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे दफ्तरातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते. बँक, सोसायटी, विमा, अनुदान आणि भूसंपादनाची नोटीस हे सगळे नोंदीवर चालते. रस्त्यात किंवा धरणात जमीन गेली तर सरकार आधी सातबाऱ्यावरच्या नावाला विचारते. तेव्हा नोंदीकडे पाठ फिरवणेही परवडत नाही.

१८७२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने म्हटले होते की, हिंदुस्थानात दावा लढणाऱ्याच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतरच सुरू होतात. दीडशे वर्षे झाली. आबांची पेटी पाहिली तेव्हा मला हेच आठवले.

आता तुम्ही काय करावे

१. निकाल लागला की हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल लगेच मागा. निकालपत्र वेगळे आणि हुकूमनामा वेगळा, दोन्हींच्या नकला घ्या. जादा प्रत काढून ठेवा. अस्सल नक्कल कोणाला देऊन टाकू नका.

२. नक्कल वाचा, नाहीतर मुलाकडून वाचून घ्या. गावाचे नाव, गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा सातबाऱ्याशी जुळतात का ते पाहा. दावा जुन्या कागदावर चालला असेल तर त्यात सर्व्हे नंबर असतो आणि सातबाऱ्यावर गट नंबर. अशा वेळी एकत्रीकरणाचा उतारा जोडावा लागतो. एकरात लिहिलेले आणि हेक्टरात लिहिलेले यांचाही मेळ घाला. एक हेक्टर म्हणजे सुमारे २ एकर १९ गुंठे. हुकूमनाम्यातच लिहिण्याची चूक असेल तर ती कोर्टाकडूनच दुरुस्त होते, चावडीवर नाही.

३. हुकूमनामा कोणत्या जातीचा आहे हे वकिलांना विचारून घ्या, कारण प्रत्येकाची वाट निराळी आहे.

मालकी जाहीर करणारा हुकूमनामा असेल तर त्याच्या आधारे फेरफाराचा अर्ज देता येतो.

वाटणीचा दावा असेल तर कोर्ट आधी फक्त हिस्से ठरवते, तिसरा, चौथा असे. त्याला प्राथमिक हुकूमनामा म्हणतात. शेत सरबांधावर कसे वाटायचे हे त्यात नसते. साऱ्याच्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरांमार्फत होते. कागद तहसीलकडे येतात, भूमि अभिलेखची मोजणी होते, वाटप तक्ता बनतो, हरकती ऐकतात आणि मग कब्जा देतात. कब्जाची पावती आणि पंचनाम्याची नक्कल घेतल्याशिवाय शेतातून परत येऊ नका. प्राथमिक हुकूमनामा हाती आला म्हणजे वाटणी झाली, असे समजून बसणारे फार आहेत.

विक्री करून देण्याचा हुकूम असेल तर नुसत्या हुकुमावर नाव लागत नाही. समोरचा खरेदीखत करून देत नसेल तर कोर्टामार्फत करून घ्यावे, त्याची नोंदणी करावी आणि मग फेरफार.

तडजोड झाली असेल तर जी जमीन मूळ दाव्यात नव्हती ती तडजोडीत घातली आहे का ते पाहा. तशी असेल तर त्या कागदाची नोंदणी लागते. नाहीतर नोंद अडते.

४. मुदती पाळा. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत गावच्या दफ्तरी कळवावे असे महसूल कायद्याचे कलम १४९ सांगते. कळवल्याची लेखी पोहोच मागा. ती देणे कायद्याने बंधनकारक आहे. कब्जा घ्यायचा असेल आणि समोरचा देत नसेल तर कोर्टात दरखास्त द्यावी लागते. तिला बारा वर्षांची मुदत आहे. वाटणीच्या अंतिम हुकूमनाम्याची ही बारा वर्षे हुकूमनाम्याच्या तारखेपासून धरतात, मुद्रांकाचा कागद कधी दिला त्यावरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले आहे. बारा वर्षे म्हणजे खूप, असे वाटते. पण एक लग्न, दोन दुष्काळ आणि एक आजारपण यांतच ती निघून जातात.

५. समोरच्याने अपील केले तर घाबरू नका. नुसते अपील दाखल झाल्याने हुकूमनामा थांबत नाही. वरच्या कोर्टाने स्थगिती दिली असेल तरच थांबतो. स्थगिती आहे म्हणून कोणी तोंडी सांगितले तर तिची नक्कल मागा.

६. अर्ज दिल्यावर फेरफाराची नोंद धरली जाते, चावडीवर नोटीस लागते, संबंधितांना नोटिसा जातात आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर तक्रारीच्या वहीत नोंद होऊन सुनावणी होते. ठरलेल्या तारखेला हजर राहा आणि हुकूमनाम्याची अस्सल नक्कल सोबत न्या. हुकूम तुमच्याविरुद्ध गेला तर साठ दिवसांत प्रांतसाहेबांकडे अपील करता येते.

७. मंजुरी झाली म्हणून थांबू नका. नवा सातबारा काढा. जुन्या नावाला कंस पडला का, आपले नाव बरोबर आहे का, क्षेत्र बरोबर आहे का, हे डोळ्यांनी पाहा. आठ-अ चा उताराही पाहा. टंकताना चूक झाली असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती मागता येते. मात्र हे कलम लिहिण्याच्या चुकीसाठी आहे. मालकीचे भांडण त्यातून सोडवता येत नाही.

बहिणींचे नाव

एक गोष्ट कोणाला कडू लागेल, पण सांगितली पाहिजे. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्माने वडिलोपार्जित मिळकतीची हिस्सेदार झाली. वडील २००५ च्या आधी वारले असले तरीही तिचा हक्क धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. वाटणीच्या हुकूमनाम्यात बहिणीचा हिस्सा असेल तर फेरफाराच्या अर्जातही तिचे नाव द्या. ते गाळून केलेली नोंद उद्या तुमच्याच मुलांना कोर्टाची पायरी चढायला लावील. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने आपल्या मर्जीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. राखीच्या ओवाळणीत तो कागद मागू नका.

आबांचे पुढे काय झाले

आबांनी अर्ज दिला. सुरतेला नोटिसा गेल्या. पुतण्यांपैकी एकाने हरकत घेतली की आमची नावे लागून वर्षे झाली. सुनावणीत हुकूमनामा पाहिला गेला. बाप ज्या निकालाने बांधला गेला त्याने वारसही बांधले जातात, हे साधे तत्त्व. नोंद मंजूर झाली. पण या साऱ्याला जवळजवळ वर्ष गेले आणि त्या वर्षी आबांचा केळीचा विमा निघाला नाही. सोसायटीचा बोजा उतरवायला वेगळे अर्ज करावे लागले. त्या पुतण्याने मध्येच शेत विकले असते तर आबांना आणखी एक दावा लागला असता. दावा चालू असताना जमीन विकत घेणाराही निकालाने बांधला जातो, हे खरे. पण हे त्याला पटवून द्यायलाही पुन्हा कोर्टच लागते.

नवा सातबारा हाती आला तेव्हा आबा म्हणाले, "साहेब, हे काम तर तेव्हा पेढे आणायला गेलो त्याच दिवशी होण्यासारखं होतं." खरेच होते. कोर्ट आणि तहसील कचेरी यांच्यात चालत जाण्याएवढेच अंतर होते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आज संध्याकाळी दिवा लागला की घरातली पेटी उघडा. वडिलांच्या, आजोबांच्या काळातला एखादा हुकूमनामा, वाटणीपत्र किंवा कब्जापावती असेल तर बाहेर काढा. शेजारी आजचा सातबारा ठेवा आणि दोन्हींतली नावे, नंबर आणि क्षेत्र ताडून पाहा. जुळले तर सुखाने झोपा. नाही जुळले तर उद्या सकाळी चावडीची वाट धरा. अडचण मोठी असेल तर तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या बांधवांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे विनामूल्य वकील मिळतो.

आपल्या पूर्वजांनी महजरावर नांगर काढून आपला हक्क पक्का केला. आपल्याला तर सही करता येते.